काचेच्या बांधीतला रोवणा

झिंगे पाळायचे असतात हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. झिंगे खायचे असतात. उन्हात वाळवून डब्यात भरून ठेवायचे आणि भर पावसात भाजी मिळेनाशी झाली की अंबाडीत नाहीतर वांग्यात घालायचे. त्यामुळे तुम्ही दोघं नातवंडं त्या हिवाळ्याच्या सुट्टीत परदेशातून आलात, गोंदियाच्या बाजारातून काचेची टाकी आणलीत, तिच्यात आधी नुसती वाळू, पाणी आणि झाडं ठेवून पाणी स्थिरावू दिलंत आणि निघायच्या थोडं आधी पिशवीतून नखाएवढे लाल झिंगे आणून सोडलेत, तेव्हा सगळ्यात जास्त हसले ते तुमचे गावचे आजोबा, म्हणजे माझे दीर.

"वहिनी, आमच्याकडे झिंगे टोपलीनं चुलीवर जातात, अन् तुम्ही त्याहिले दिवा लावून बसवलं काय? उद्या त्याहिची आरती बी करान."

"करीन. तुम्ही प्रसादाला या," मी म्हटलं.

"तळून द्यान तं येतो."

तुम्ही त्यांच्यावर रागावलात. तुमचे आजोबा हसलेही नाहीत आणि रागावलेही नाहीत. ते खुर्ची ओढून टाकीसमोर बसले होते. एक झिंगा पानावर बसून आपले बारीक हात भराभर तोंडाशी नेत होता, पानावरचं न दिसणारं शेवाळ खात होता, आणि तुमचे आजोबा तो खाऊन संपेपर्यंत पाहत राहिले. त्या दिवसांत ते कुठल्याही गोष्टीकडे इतका वेळ पाहत नसत. जेवतानाही अर्ध्यातून उठत.

हे सगळं मी तुम्हाला मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, जन्मभर शाळेत तेच शिकवलं. पण तुमच्या आजोबांचं बोलणं इंग्रजीत येत नाही. मी करून पाहिलं, ते दुसऱ्याच कुणाचं वाटायला लागलं. तुमची आई वाचून दाखवील. जिथे तिला थांबावंसं वाटेल तिथे तिला थांबू द्या.

टाकी का आणली, ते तुम्हाला माहीत आहे, आजोबांचं मन कशात तरी रमावं म्हणून. तुम्ही येण्याच्या आधीच्या पावसाळ्यात आजोबांचं विसरणं सुरू झालं होतं. आधी नावं गेली. मग दिशा जायला लागल्या. मुर्रीच्या रस्त्यावरचं हे घर आम्ही बांधलं ते माझ्या नोकरीसाठी. त्यांचा जीव कायम अर्जुनी मोरगावकडच्या गावात, तिथल्या शेतात. पहाटेच्या गाडीनं जायचे, संध्याकाळी चिखलाच्या पायांनी परत यायचे. आजार कळल्यावर शेती दिरांनी सांभाळायला घेतली आणि हे माझ्याजवळ राहिले. डॉक्टरांनी मला एवढंच सांगितलं, "हाताला काम द्या. जोवर हात काम करतील तोवर माणूस आपल्या जागेवर राहील." मी त्यांना शेंगा सोलायला दिल्या, दोऱ्याची गुंडाळी दिली, वर्तमानपत्रांच्या घड्या घालायला दिल्या. ते थोडा वेळ करत आणि माझ्याकडे असं बघत, की मी त्यांना खेळणं दिलंय हे त्यांना कळलेलं आहे.

तुम्ही आणलेली झाडं नवशिक्यांची होती. मला ती आवडली, कारण त्यांना फार काही लागत नव्हतं. एक शेवाळाचा हिरवा पुंजका, झिंग्यांच्या पिलांना लपायला. एक जावा फर्न. आणि जाड, गडद पानांचं एक अनुबियास. कमी उजेड चालतो, खत लागत नाही, पाण्यातली घाण तीच झाडं शोषतात. तुमच्यातल्या धाकट्यानं मला बजावलं होतं, "आजी, फक्त एकच. याचं हे आडवं खोड आहे ना, ते वाळूत पुरायचं नाही. पुरलं की सडतं. दगडाला दोऱ्यानं बांधून ठेवायचं." आणि पाण्याबद्दल. आमच्याकडे पिण्याचं पाणी तांब्याच्या गुंडात, म्हणजे हंड्यात असतं. मी त्यातलंच पाणी टाकीत ओतायला निघाले, तर तुम्ही दोघं एकदम ओरडलात. तांबं झिंग्यांना सोसत नाही म्हणे. आजोबांना ते फार मजेचं वाटलं.

"माणसाले औषध अन् झिंग्याले जहर! मंग हे झिंगे आपल्या जातीचे नाहीत."

हे वाक्य त्यांनी स्वतःहून जुळवलेलं होतं. मी ते मनात ठेवून दिलं.

तुम्ही गेल्यानंतर घर जसं होतं तसं झालं. मी सकाळी टाकीचा दिवा लावायची, चिमटीनं थोडंसं खाणं टाकायची, काचेवरचं पाणी पुसायची. मला वस्तू जागच्या जागी लागतात, हे तुम्ही सगळे हसत सांगता. टाकीत प्रत्येक गोष्टीला जागा होती. दगड डावीकडे, फर्न त्यावर, अनुबियास लाकडाच्या तुकड्यावर काळ्या दोऱ्यानं बांधलेलं.

एका सकाळी दगड रिकामा होता. दोरा वर तरंगत होता. फर्न आणि अनुबियास दोन्ही वाळूत, खोडासकट खोल दाबलेले, एका ओळीत. शेवाळाच्या पुंजक्याचे तुकडे करून तेसुद्धा त्याच ओळीत पुढे खोवलेले. सगळ्यांत सारखं अंतर. आजोबा खुर्चीत बसले होते, बाही कोपरापर्यंत ओली.

"हे काय केलं तुम्ही?"

"रोवणा," ते म्हणाले. "कोणं असे पऱ्हे दगडावर टाकून ठेवले होते? वाळून जाते ना."

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. ती उपटून, पेंड्या बांधून, चिखल केलेल्या बांधीत एकेक करून लावायची, त्याला आपल्याकडे रोवणा म्हणतात. बांधी म्हणजे धानाच्या शेताचा बांध घातलेला एक तुकडा. तुमच्या आजोबांचं घर तलाव बांधणाऱ्यांचं. त्यांच्या पूर्वजांनी गावाला तलाव दिला आणि त्या तलावाच्या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या रोवणा झाला. पाणी, खाली माती, हातात हिरवं रोप. हे तीन एकत्र दिसले की त्यांच्या घरातला माणूस दुसरं काय करणार? सैल पडलेलं रोप बघवतच नाही त्यांना. मुळं मातीत गेलीच पाहिजेत.

ते दुपारी झोपले तेव्हा मी सगळं काढलं आणि परत दगडाला बांधलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ओळ. मी पुन्हा काढलं. हे बरेच दिवस चाललं. त्यात अनुबियासचं खोड मऊ पडलं. बोटानं दाबलं तर आत पाणी आणि कुजका वास. पानं एकेक करून सुटली. फर्न काळं पडलं. पाणी गढुळलं आणि काही झिंगे पांढरट होऊन आडवे झाले. मी बाजारातल्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "आंटीजी, जो सड़ गया वो निकालो, और हाथ मत डालो टंकी में. बार-बार हाथ डालोगे तो कुछ नहीं बचेगा." हात घालू नका. मी त्याला काय सांगणार होते?

पण खरी गोष्ट ही आहे, की टाकीत हात घालून आले की तुमचे आजोबा दिवसभर शांत असत. पूर्ण जेवत. मला ओळखत. एकदा तर जेवताना म्हणाले, "तुझी शाळा लवकर सुटली आज." शाळा सुटून किती वर्षं झाली होती, पण शाळा माझी होती, हे त्यांना ठाऊक होतं. तेवढं पुरे होतं. मला टाकीची काळजी नव्हती. मला भीती एवढीच होती, की हे हात थांबले तर त्यांच्या लेखी मी कोण राहीन.

मग तो दिवस आला. मी दुपारी उरलीसुरली झाडं पुन्हा दगडाला बांधली आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. खालून आवाज आला. ते उठले होते आणि त्यांनी रिकामी ओळ पाहिली होती.

"ढोरं घुसली! अवं, ढोरं घुसली बांधीत! सारा रोवणा खाल्ला!"

मी जिना उतरून येईपर्यंत ते काठी घेऊन फाटकाबाहेर गेले होते. मी रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिलं. कुणी नव्हतं. शेजारच्यांना हाक मारली, ते मोटरसायकल घेऊन निघाले. मी चालत रेल्वेच्या रुळांच्या दिशेनं गेले. पायात चपला नव्हत्या, हे नंतर लक्षात आलं. एक मालगाडी येऊन जात होती, संपतच नव्हती, आणि ती संपेपर्यंत मला पलीकडचं काही दिसत नव्हतं. त्या वेळात माझ्या मनात काय काय आलं ते मी लिहिणार नाही.

त्यांना घेऊन आली ती आपली भाजीवाली. डोक्यावर टोपली, एका हातात त्यांचा हात.

"आजी, बाबाजी रुळाजवळ उभे होते. मले म्हणे, माही ढोरं दिसली काय? मी म्हटलं, दिसली ना बाबाजी, आपल्या घराकडंच गेली, चला हाकत नेऊ. तवा आले."

आजोबा दमले होते. पायरीवर बसले आणि रडायला लागले. मी त्यांना सासऱ्यांच्या जाण्यातही रडताना पाहिलेलं नव्हतं.

"लागलेला रोवणा कोणी उपटते काय," ते म्हणाले. "एवढी बेइमान ढोरं."

त्या दिवसानंतर मी त्यांचा रोवणा काढला नाही. सडायचं ते सडू दे, असं ठरवलं, आणि उन्हाळा तसाच गेला. पण त्या पाण्यात झिंगेही होते, आणि तुम्ही दर रविवारी विचारत होतात, आजी, झिंगे कसे आहेत. म्हणून पावसाळ्यात मी वाचायला बसले. खोडावरून वाढणारी झाडं पुरली की सडतात, तर पुरल्यावर वाढणारीही असतीलच. होती. एक लांब, फितीसारख्या पानांचं झाड होतं, मुळं वाळूत घट्ट धरणारं, कुणालाही जमेल असं. चित्र बघितलं आणि वाटलं, हे आपण कुठेतरी पाहिलंय. मी तो फोटो दिरांना पाठवला. लगेच फोन आला.

"वहिनी, हे तं आपलं चिऊल होय! तलावात उतरलं का पायाले गुंडाळते ते. याच्यासाठी तुम्ही इंग्रजी वाचून राहिल्या?"

"तुम्हाला माहीत होतं, मग सांगितलं का नाही?"

"विचारलं कोणं? अन् मले काय माहीत झिंग्यायचं शेत करून राहिलं भाऊ. आणतो मी."

मी त्यांना थांबवलं. धान उभं होतं, फवारणीचं पाणी वाहून तलावात येतं, आणि जे किड्याला मारतं ते झिंग्याला सोडत नाही. धान कापून झालं, थंडी पडली, तेव्हा ते थोडे दिवस राहायला आले. ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं चिऊल घेऊन, गाडीत सगळ्यांचे पाय भिजवत. मी ते बादलीत ठेवलं, रोज पाणी बदललं, गोगलगायींची अंडी आणि एक भुकेला दिसणारा किडा काढून टाकला. तोवर आजोबा दिवसातून दहादा बादलीजवळ येऊन उभे राहत.

"पऱ्हे पिवळे पडून राहिले. कवा लावशीन?"

"चिखल व्हायचाय अजून."

"लवकर कर. मिरग सरून गेला."

बाहेर थंडी होती आणि ते मिरगाची गोष्ट करत होते. दीरांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते आवारात जाऊन उगाच नळाखाली पाय धूत राहिले.

लावायच्या दिवशी दोघं भाऊ टाकीसमोर बसले. आजोबांनी चिऊलच्या छोट्या पेंड्या डाव्या हातात धरल्या. तीन बोटांत मुळं घेऊन वाळूत दाबायची, अंगठ्यानं वाळू सारखी करायची, हात मागे घ्यायचा. मी आमच्या लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांना हे करताना कधी जवळून बघितलं नव्हतं. मी बांधावरच असायची, तीही रविवारी, छत्री घेऊन.

"भाऊ, वाकडं चाल्लं ना," दीर मुद्दाम म्हणाले.

"तुह्या डोळ्यात वाकडं हाय. लहानपणापासून."

दीर इतके हसले की खोकला लागला.

चिऊल लागलं. त्याच्या मुळांतून आडव्या काड्या निघतात आणि प्रत्येक काडीच्या टोकाला नवं रोप. त्यामुळे आजोबांना रोज काम असे. जागा सोडून उगवलेलं उपटायचं आणि ओळीत लावायचं. पाणी जरा ढवळायचं, पण झिंगे रुळले. हात आला की आधी पळत, मग बोटांवर येऊन बसत. आजोबा हात हलवत नसत. म्हणत, "खाऊ दे. चिखल चाटून राहिला." मग एका मादीच्या पोटाखाली पिवळसर अंडी दिसली आणि काही दिवसांनी पानांत डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिलं. मी तुम्हाला फोनवर दाखवली होती. तुम्ही ओरडलात आणि आजोबांनी फोन हातात घेतला.

"तिकडे पाऊस कसा हाय?"

"आबा, पाऊस नाही, बर्फ आहे," तुमच्यातली मोठी म्हणाली.

"बर्फात रोवणा कसा कराल? थांबा मंग जरा. घाई नका करू."

"बरं आबा, थांबतो."

तुम्ही फार नीट बोललात त्यांच्याशी. नातवंडं म्हणून नसेल, गावातली पोरं म्हणून असेल, पण ते तुमच्याशी बोलत होते. एक पावसाळा तसा गेला आणि एक हिवाळा. माझ्या आयुष्यातला तो वाईट काळ होता असं कुणी म्हणेल, पण मी म्हणणार नाही.

यंदा उन्हाळा लवकर तापला. टाकीचं पाणी गरम व्हायला लागलं. मी ओलं फडकं टाकीला गुंडाळून पंखा तिच्याकडे वळवून ठेवायची, आजोबांच्या कुलरच्या बाजूलाच. झिंगे तग धरून राहिले. आजोबांना ताप आला. उन्हाचाच असेल. ताप उतरला, पण ते परत उठून बसले ते कुणी वेगळे. बोलणं कमी होतं ते आणखी कमी झालं. चालताना भिंत धरायला लागले. मी वाट पाहत होते, टाकीपाशी बसले की येतील जागेवर. चिऊल तोवर वेडंवाकडं वाढलं होतं, वर येऊन दिवा झाकत होतं. मी खुर्ची ठेवली. त्यांना बसवलं. बाही वर केली. एक रोप उपटून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते पाहिलं. उलटं केलं. मग त्या रोपानंच तोंड पुसलं, रुमालानं पुसावं तसं.

"हे काय होय?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं, चिऊल. मी सांगितलं, पऱ्हे. त्यांचा हात धरून पाण्यात नेला आणि वाळूवर टेकवला. बोटं उघडी राहिली. रोप सुटून वर तरंगत गेलं. एक झिंगा येऊन बोटावर बसला, तर त्यांनी दचकून हात मागे ओढला आणि धोतराला पुसला. मी दुसऱ्या दिवशीही करून पाहिलं आणि नंतरही. मी शिक्षिका होते, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची मला सवय आहे. पण हे शिकवण्यासारखं नव्हतं. ते त्यांना मुळातच येत होतं, आणि ते गेलं होतं.

त्याच दिवसांत त्यांनी मला ओळखणं सोडलं. मोठा प्रसंग काही घडला नाही. मी औषध देत होते, ते "बसा" म्हणाले. पाहुणीला म्हणावं तसं. मी बसले.

हे मी तुम्हाला फोनवर सांगू शकले नाही. रविवारी तुम्ही बोलत असता तेव्हा ते माझ्या शेजारीच असतात. त्यांना फोनमधून आवाज येतो हे कळतं, तुमचा येतो हे कळत नाही. तुमच्या आईला माहीत आहे. तुम्हालाही माहीत असावं असं मला वाटतं, म्हणजे पुढच्या वेळी आलात की दारातच थबकायला नको. ते कुणालाही त्रास देत नाहीत. फक्त तुम्हाला "बसा" म्हणतील.

टाकीचं काय करायचं, हा प्रश्न होता. दीर म्हणाले, तलावात सोडून देऊ. मी म्हटलं, तलावात नको, बाहेरचा जीव आहे, आपल्या झिंग्यांच्या तोंडचा घास काढेल. दुकानदार परत घ्यायला तयार होता. मी हो म्हटलं आणि त्याला बोलावलं नाही.

परवाच्या दुपारी मी बाही वर करून टाकीसमोर बसले. चिऊल फार माजलं होतं, आतून कुजायला लागलं असतं. आजोबा पलंगावर उशीला टेकून बसले होते, डोळे खिडकीकडे. मी जास्तीचं उपटलं, कुजकी पानं काढली, चांगली रोपं बाजूला ठेवली. मग एकेक लावायला घेतलं. मला ते येत नाही. वाळूत दाबलं की रोप वर येई. मी परत दाबत होते.

"बाई."

मी वळले. ते माझ्या हातांकडे बघत होते.

"वाकडं चाल्लं. मागचं पाहून लाव."

मी मागचं रोप पाहिलं. खरंच वाकडं होतं. मी ते काढून सरळ लावलं.

"दाबू नको एवढं. मुळी मोडते. चिखलच धरते तिले."

मी हलक्या हातानं लावलं. ते राहिलं. पुढचंही राहिलं. त्यांनी मान हलवली. मी ओळ पूर्ण करेपर्यंत ते पाहत होते. एकदा म्हणाले, "नवीन दिसते तू. कोण्या गावची?" मी गोंदियाची म्हणून सांगितलं. "शहरातली," ते म्हणाले, आणि त्यात थोडी कीव होती. हात त्यांचे गेले होते, पण काम अजून कळत होतं. दुसऱ्याचं चुकलं की कळत होतं. मी मुद्दाम एक रोप वाकडं लावून पाहिलं नाही, मला त्यांची परीक्षा घ्यायची नव्हती.

ओळ संपली. मी हात पुसले. ते आतल्या खोलीच्या दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "अवं, ऐकून राहिली काय? बाईले चहा दे. दुपारपासून वाकली हाय."

लग्नापासून त्यांनी मला अशीच हाक मारली. नाव कधी घेतलं नाही. हाक स्वयंपाकघराकडे गेली आणि मी त्यांच्यासमोर उभी होते. मला क्षणभर सुचलं नाही, की ओ कुठून द्यायची.

मग मी आत गेले. "देते," म्हटलं तिथूनच. दोन कप चहा टाकला, आलं घातलं, त्यांच्या कपात साखर कमी. बाहेर घेऊन आले तेव्हा त्यांनी खोलीभर पाहिलं.

"ती बाई गेली काय?"

"गेली."

"चहा न घेता?"

"घाई होती तिला."

त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला. थोडं सांडलं, मी पुसलं. "हात चांगला हाय तिचा," ते म्हणाले. "शिकन. उद्या बोलाव."

मी हो म्हटलं, आणि त्यांच्या शेजारी बसून तिच्या वाट्याचा चहा प्यायले.